तेरचे काचमणी

सोलापूरकरांस तेर कांहीं दूर नव्हे. बार्शी ओलांडून तेरणेच्या कांठीं गेलें कीं गोरोबाकाकांचें हें गांव लागतें. प्राचीन तगर तें हेंच, असें फ्लीटनें १९०१ मध्यें दाखवून दिलें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं हयातभर जमविलेल्या जुन्या वस्तू तेथील संग्रहालयांत आहेत. त्यांतील काचमणी पाहतांच बरोबरची मंडळी हटकून म्हणतात, "हे रोमचे!" हाच उद्गार आम्हीं स्वतः एके काळीं वर्गांत काढलेला आहे, म्हणून हा खुलासा.

इसवी सनाच्या आरंभीं रोमन साम्राज्यांत बहुरंगी नक्षीच्या काचेची मोठी आवड होती. तिची युक्ति गमतीची आहे. निरनिराळ्या रंगांच्या काचकांड्यांची जुडी तापवून एकजीव करीत व मग ओढून लांबवीत. जुडी बारीक होई, पण आंतील फूल मोडत नसे. अळुवडीच्या उंड्यासारख्या तिच्या चकत्या पाडल्या कीं प्रत्येक चकतीवर तेंच फूल! अशा चकत्या जोडून वाट्या आणि मणी करीत. असा तुकडा सांपडल्यास रोमचें नांव घेण्यास कांहीं आधार तरी आहे.

पण साध्या निळ्या मण्याचें काय? 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनांत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोवळें, आणि त्यांतच कच्ची काच! कच्ची काच कोण घेईल? ज्याच्या घरीं भट्टी आहे तोच. शिवाय काच येथेंही होत असे. हिंदुस्थानची काच उत्तम, अशी समजूत रोमन प्लिनीनेंही नोंदविली आहे. पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूस काचेची नळी ओढून बारीक मणी पाडीत. तेव्हां रंग पाहून मण्याचें माहेर ठरत नाहीं, काचेचें रसायन तपासावें लागतें. देशी काचेंत बहुधा ॲल्युमिना अधिक, भूमध्य समुद्राकडील काचेंत कमी.

तोच पेरिप्लसकार सांगतो कीं, तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून तेथून जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल आडवाटांनीं गाड्यांतून भडोचला जाई. कापड कुजलें, काच राहिली. आमच्या वर्गांत विणकरांचीं मुलें पुष्कळ असतात. पुढल्या सहलींत त्या मण्यांपुढें उभे राहून आम्ही त्यांना आधीं गाड्यांची हकीकत सांगणार आहों.