उष्ण हवेची निर्गमवाट : ‘३०० एस्‌एल्’ मोटारीचा दाखला

वेगवान मोटारींच्या इतिहासात इंजिनाला थंड हवा कशी मिळाली याची चर्चा पुष्कळ आढळते. ती तापल्यावर बाहेर कशी पडली, हा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः निर्गमाची वाट अरुंद असेल, तर पुढील तोंड कितीही रुंद केले तरी इंजिनकक्षात दाब साचतो आणि रेडिएटरमधून जाणारा प्रवाह मंदावतो. विमानांच्या रेडिएटरमार्गाचा विचार प्रवेशापासून निर्गमापर्यंत एकत्र करावा लागतो, हे एफ्. डब्ल्यू. मेरेडिथ यांच्या १९३५ च्या विवेचनातून स्पष्ट झाले होते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झालेल्या मर्सिडीज-बेंझ ‘३०० एस्‌एल्’ मोटारीत निर्गमाची सोय ठळकपणे दिसते. तिचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन कलते बसविल्यामुळे बॉनेट ठेंगणे ठेवता आले. त्याखालची तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून पुढील चाकांच्या मागे दोन्ही बाजूंस झरोके ठेवले होते. पाहणाऱ्यास अलंकार भासणारे हे झरोके यंत्राची गरज होती.

प्रवाशांचा प्रश्न मात्र सुटला नाही. नळ्यांच्या सांगाड्यामुळे उंबरठा उंच झाला, म्हणून दारे वर उघडणारी करावी लागली. त्यांच्या काचा खाली सरकत नसत. छताच्या मागील टोकाशी हवा बाहेर जाण्यास फटी असूनही आत उकाडा होई. खाली घेता येणाऱ्या काचा १९५७ च्या उघड्या आवृत्तीत आल्या. निर्गमाचे जे तत्त्व इंजिनास १९५४ मध्येच लाभले, ते माणसाच्या वाट्यास पुरतेपणी येण्यास आणखी तीन वर्षे लागली.