सुरतेचा कुमास

कुमास हा दक्षिण गुजरातेतल्या पारशी घरांतला जुना केक. गव्हाचे पीठ किंवा रवा, तूप, साखर, अंडी, दही, वेलची आणि जायफळ एवढे त्यात असते. त्याला फुगवत असे मात्र ताडी. पुदिना आणि गवती चहा घातलेल्या दुपारच्या चहाबरोबर तो खातात. फिलिपिन्समध्ये दुपारी खाल्ला जाणारा मामोन हा स्पॅनिश राजवटीत तिथे रुजलेला केक, पण तो फेटलेल्या अंड्यांतल्या हवेवर फुलतो. कुमासाचा हलकेपणा झाडावरून उतरत असे.

ताड किंवा खजुरीचा रस पहाटे गोड असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की त्यातले यीस्ट साखरेवर वाढते आणि रसाची ताडी होते. ती पिठात कालवली की वायू सुटून पीठ वर येते. कुमासात साखर आणि तूप भरपूर असल्याने यीस्टचे काम मंदावते, म्हणून पीठ तासन्‌तास मुरवावे लागते. भट्टी नसलेल्या घरात भांड्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून तो भाजत. कोकणात धोंडस असाच भाजत, त्यामुळे ही रीत मराठी घरांना परकी नाही. भाजताना मद्यार्क बहुतेक उडून जातो, मागे किंचित आंबूस चव राहते आणि तीच कुमासाची खरी ओळख.

सुरतेत पाव भाजण्याची कला वखारींच्या आश्रयाने वाढली. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज आणि डच व्यापारी इथे आले आणि त्यांनी वखारी घातल्या. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटली तेव्हा या दोन वखारींनी स्वतःचा बचाव केला होता. 1825 मध्ये डचांनी सुरत सोडली. नानपुऱ्यातल्या दोटीवाला बेकरीची परंपरा सांगते, की डचांकडे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांच्या हाती त्यांची भट्टी आली. ताडी आणि अंडी असल्यामुळे अनेक हिंदू गिऱ्हाइके त्या पावाला शिवत नसत. पुढे त्याच भट्ट्यांतून निघालेली, ताडी आणि अंडी दोन्ही टाळणारी नानखटाई घरोघरी पोहोचली. ताडीवर आंबवलेला, जिऱ्याचा खुसखुशीत बटासाही इथलाच, कुमासाचा सख्खा शेजारी.

कुमासावर खरा घाव पडला तो कायद्याचा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीवर सरकारी पकड घट्ट झाली आणि झाडामागे कर भरावा लागू लागला. सुरत जिल्ह्यात ताडीची अनेक दुकाने पारशांची होती, त्यामुळे झळ त्यांना थेट बसली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी स्वयंपाकघरातूनही गेली. 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळा झाल्यावरही बंदी कायम राहिली. ताडी गेल्यापासून सुरतेत कुमास दही, बेकरीचे यीस्ट किंवा बेकिंग पावडर यांवर फुगवतात.