समुद्राच्या तळातून दिवाणखान्यात: तांब्याच्या तारेची गोष्ट

आज हेडफोनवर ऐकत असाल तर एकदा त्याच्या वायरकडे बघा. ब्लूटूथवाल्यांनो, तुम्ही नुसतं ऐका.

गोष्ट 1857 सालची. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकायची खटपट चालली होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तेव्हा वेगवेगळ्या कारखान्यांच्या तांब्याच्या तारा तपासल्या. जाडी-लांबी सारखी, तरी वीज वाहून नेण्याची ताकद कमालीची वेगळी! दोष होता तांब्यातल्या भेसळीचा. चिमूटभर आर्सेनिकसुद्धा पुरतं. तोवर कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. तांबं म्हणजे तांबं, संपला विषय.

1858 मध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला 16 तास लागले, आणि काही आठवड्यांतच केबल मेली. 1866 च्या केबलमध्ये दर मैलाला जवळजवळ तिप्पट तांबं घातलं, तेही शुद्धता तपासून. ती चालली. मग 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने एडन ते मुंबई केबल टाकली, तीन हजार किलोमीटरहून लांब. मुंबई समुद्राखालून लंडनला जोडली गेली.

म्हणजे ‘शुद्ध तांबं’ हे काही दुकानदारांनी रचलेलं थोतांड नाही. एवढ्या अंतरात त्याने खरंच फरक पडत होता. पण तुमचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यात अंतर किती? तीन मीटर!

इथे मिहानमध्ये माझ्या ऑफिसातला एक मित्र चांदीच्या स्पीकर केबलवर महिन्याचा पगार घालायला निघालाय. म्हणून मी आकडे मांडून बघितले. 1913 मध्ये चांगल्या तांब्याची वाहकता 100 धरायचं जगभर ठरलं. त्या मापाने चांदी 106 च्या आसपास, सोनं 70 आणि अ‍ॅल्युमिनियम 61. (हो, सोनं तांब्याच्या मागे! पिनांना त्याचा मुलामा देतात, कारण सोनं गंजत नाही.) अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, तीन मीटर लांबीची तांब्याची केबल घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.041 ओहम. चांदीची घेतली तर 0.038. समोर स्पीकर आठ ओहमचा. आता या फरकातून आवाज ‘खुलतो’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो, भाऊ.

बरं, आजचं साधं तांबंही काही कमी नाही. नागपूरहून मलाजखंड फार लांब नाही. तिथली तांब्याची खाण 1982 पासून हिंदुस्थान कॉपरकडे आहे. याच कंपनीचा नवी मुंबईजवळ तळोज्याला तांब्याची जाड तार ओतायचा कारखाना आहे. विजेच्या तारांसाठीचं तांबं आता विद्युत पद्धतीनेच शुद्ध करतात, साधारण 99.9 टक्के. केल्व्हिनसाहेबांना हे मिळालं असतं तर ते नाचलेच असते.

मग केबलचा आवाजावर परिणामच होत नाही का? होतो, पण जाडीचा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा-बारा मीटर ओढली, की तिचा रोध एक ओहमच्या जवळ जातो. स्पीकरचा स्वतःचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो, त्यामुळे काही सूर जास्त दबतात, काही कमी. हे कानाला कळू शकतं. उपायही स्वस्त आहे: जाड वायर घ्या, लांबी कमी ठेवा.

आणि धातूचा खरा घोळ चांदीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे. बाजारात ‘कॉपर’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त स्पीकर वायर आतून अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा पातळ थर. घेताना हातात तोलून बघा, संशय येण्याइतकी हलकी लागते. टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं, तर दुकानदाराला सांगा, तांब्याचे पैसे देणार नाही.