मासे मरतात तेव्हा दोष जिवाणूंचा किती?

नाशिकला गोदावरीच्या पात्रात मेलेले मासे तरंगताना दिसले, की माशांवर रोगाची साथ आली असे सर्रास बोलले जाते. माशांना जिवाणूजन्य रोग होतात, हे खरेच. मात्र त्यांतील पुष्कळसे जिवाणू बाहेरून येत नाहीत. ते पाण्यात आधीपासूनच असतात.

रोहू, कटला, मृगळ या माशांना प्रामुख्याने ग्रासणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू नदीच्या पाण्यात, तळाच्या गाळात आणि निरोगी माशाच्या आतड्यातही आढळतो. मासा सशक्त असेपर्यंत तो उपद्रव देत नाही. तळ्यात दाटी झाली, जाळ्याने खवले निघाले किंवा पाण्यातील प्राणवायू घटला, की तो रक्तात शिरतो. मग अंगावर लाल चट्टे उठतात, परांच्या मुळाशी रक्त साकळते, पोटात पाणी होऊन खवले उभे राहतात.

प्राणवायूचा मुद्दा येथे कळीचा आहे. दहा अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशाला जेमतेम साडेसात. त्यातच शहराचे सांडपाणी कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते आणि पानवेलींच्या दाट थराखाली पाणी गुदमरते. अशा वेळी सर्व जातींचे मासे एका रात्रीत मरतात व अंगावर जखम दिसत नाही. रोगात मात्र मर हळूहळू वाढते, काही जातींनाच अधिक भोवते आणि व्रण दिसतात.

बाहेरून येणारे रोगही आहेत. थंड पाण्यातील ट्राउट व सामन माशांना होणारा फ्युरन्क्युलोसिस हा त्यांतला कुप्रसिद्ध. एरोमोनास साल्मोनिसिडा या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाची नोंद जर्मनीतील ट्राउट केंद्रात 1894 मध्ये झाली. 1985 मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सामनच्या पिल्लांबरोबर तो नॉर्वेच्या मत्स्यशेतीत शिरला आणि तेथून नद्यांतील माशांपर्यंत पोहोचला. भारतात ट्राउट काश्मीर-हिमाचलसारख्या थंड भागांपुरता. नाशिकच्या उष्ण पाण्यात तो तगणार नाही. पण रोगट मत्स्यबीजाबरोबर रोग नदीत उतरण्याचा धोका येथील जलाशयांनाही आहेच.

जिवाणूंवर ठपका ठेवण्याची घाई तज्ज्ञांनीही केली आहे. 1988 मध्ये ईशान्य भारतात पसरलेल्या, मरळ माशाला विशेष भोवणाऱ्या व्रणरोगाचे मूळ पुढे अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसदृश सूक्ष्मजीवात सापडले. जिवाणू जखमेत मागाहून शिरतात.

म्हणूनच तपासणीसाठी मरणपंथाला लागलेला, पण जिवंत मासा हवा, आणि पाण्याचा नमुना त्याच वेळी, शक्यतो पहाटे घ्यावा. रात्रभर वनस्पतींचे श्वसन चालू राहिल्याने प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो. काठावर सडलेल्या माशात एरोमोनास सापडला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मेलेल्या माशात तो काही तासांत वाढतोच.