सापळ्यांच्या प्रदेशात पाळीव कुत्र्यांची सुरक्षितता

फर, कातडी अथवा पिकांचे व पशुधनाचे रक्षण यांसाठी वन्य प्राणी सापळ्यांत पकडले जातात अशा प्रदेशात पाळीव कुत्र्यांना इजा किंवा मृत्यू येऊ नये म्हणून योजावयाच्या उपायांचा विचार या लेखात केला आहे. हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे उद्भवतो. तेथे परवानाधारक व्यक्तींना ठराविक हंगामात सापळे लावण्याची मुभा अनेक राज्यांत व प्रांतांत आहे आणि त्यांपैकी पुष्कळशी भूमी फिरणाऱ्यांसाठीही खुली असते. सापळा प्राण्याप्राण्यांत भेद करीत नाही. कोल्हा, कायोटी, बीव्हर, मार्टेन किंवा रकून यांच्यासाठी मांडलेल्या सापळ्यात कुत्राही अडकू शकतो.

पार्श्वभूमी

थंडीच्या दिवसांत प्राण्यांची फर दाट व मऊ होते. त्यामुळे सापळ्यांचा हंगाम बहुधा शरद ऋतूत सुरू होऊन हिवाळा संपेपर्यंत चालतो. नेमक्या तारखा राज्य, प्रांत व प्राण्याची जात यांनुसार वेगवेगळ्या असतात. उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांसाठी काही ठिकाणी वर्षभर सापळे लावता येतात. म्हणून हंगाम संपल्यावर धोका पूर्णपणे टळतो असे मानणे योग्य नव्हे.

सापळे पायवाटांच्या कडेला, ओढ्यांच्या काठी, रस्त्याखालील मोऱ्यांत, कुंपणाखालच्या फटींत आणि प्राण्यांच्या नेहमीच्या वाटांवर मांडले जातात. अनेकदा त्यांवर माती, पाने किंवा बर्फ पसरलेले असते. जवळ मांसाचे आमिष किंवा प्राण्यांच्या ग्रंथींपासून बनवलेले उग्र वासाचे द्रव्य ठेवतात. माणसाला न जाणवणारा हा वास कुत्र्याला दुरूनही खेचून घेतो. मोकळा सोडलेला कुत्रा मालकापासून काही पावलांवर असतानाच अडकतो, त्याचे हेच प्रमुख कारण आहे.

सापळ्यांचे प्रकार

पाय पकडणारा सापळा : यात दोन धातूचे जबडे, त्यांना ओढणाऱ्या स्प्रिंगा आणि मध्यभागी एक तबकडी असते. तबकडीवर पाय पडताच जबडे मिटतात. प्राण्याला जिवंत धरून ठेवणे हा या सापळ्याचा हेतू असतो. त्यामुळे कुत्रा बहुधा लगेच मरत नाही. मात्र सुटण्याच्या धडपडीत पाय, नखे व दात यांना इजा होते. फार वेळ अडकल्यास रक्तप्रवाह थांबून पंजा निकामी होऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत हिमदंशाचाही धोका असतो.

शरीर आवळणारा सापळा : कॅनडातील फ्रँक कॉनिबेअर या सापळेकऱ्याने विकसित केलेला हा चौकोनी सापळा १९५० च्या दशकात प्रचारात आला आणि त्याच्याच नावाने ओळखला जातो. प्राण्याचा चटकन मृत्यू व्हावा अशीच त्याची रचना आहे. ११०, २२० व ३३० हे त्याचे प्रचलित आकार असून मोठ्या आकाराची चौकट सुमारे १० इंच रुंद असते. आमिष ठेवलेल्या पेटीत कुत्र्याने डोके घातले की सापळा मानेवर मिटतो. अशा वेळी सुटकेसाठी केवळ काही मिनिटेच हाती असतात.

तारेचा फास : पोलादी तारेच्या या फासात मागे न सरकणारी कडी असते. प्राणी जितका ओढतो तितका फास घट्ट होतो. पट्ट्याला बांधून फिरण्याची सवय असलेला कुत्रा काही वेळा शांत उभा राहतो व वाचतो. घाबरलेला कुत्रा मात्र गुदमरतो.

प्रतिबंधक उपाय

कुत्र्याला साखळीने किंवा लहान दोरीने बांधून जवळ ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. लांब सुटणाऱ्या दोरीचा उपयोग मर्यादित आहे, कारण पायवाटेच्या अगदी कडेलाही सापळा असू शकतो. याखेरीज पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात :

* फिरण्याच्या जागी सापळ्यांना परवानगी आहे काय व हंगाम कोणता, याची वन्यजीव खात्याकडून आधी माहिती घेणे.
* हाकेसरशी परत येणे आणि तोंडात धरलेली वस्तू आज्ञेनुसार सोडणे, या दोन गोष्टी कुत्र्याला पक्क्या शिकवणे.
* कुत्रा हुंगत एकाच जागी थांबल्यास, झाडाला टेकवलेली पेटी किंवा टांगलेले आमिष दिसल्यास त्याला तत्काळ परत बोलावणे.
* गळ्यात घंटा किंवा जागा दाखवणारे उपकरण बांधणे. शिकारीचा हंगामही त्याच काळात येत असल्यामुळे अंगावर भडक नारिंगी कापड घालणे.
* पोलादी तार कापू शकेल अशी कातर, जादा दोरी व प्रथमोपचाराचे साहित्य सोबत बाळगणे. घरगुती पकडीने जाड पिळाची तार सहसा तुटत नाही.
* सापळा उघडण्याचा सराव घरी, जाणकाराच्या देखरेखीखाली आधीच करणे.

कुत्रा अडकल्यास

वेदनेने व्याकुळ झालेला कुत्रा मालकालाही चावतो. म्हणून पाय अडकला असल्यास प्रथम त्याच्या डोक्यावर कोट टाकावा किंवा दोरीने तोंड सैलसर बांधावे. नंतर सापळा सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांच्या पट्ट्या दोन्ही पायांनी एकाच वेळी दाबाव्यात. जबडे सैल होताच पंजा बाहेर काढावा.

शरीर आवळणाऱ्या सापळ्यात तोंड बांधण्यात वेळ दवडू नये व श्वासाला अडथळा आणू नये. त्याच्या स्प्रिंगा नुसत्या हातांनी दाबणे कठीण असते. अशा वेळी दोरीचा फासा पायात अडकवून दुसरे टोक स्प्रिंगेच्या दोन्ही कड्यांतून दोनदा ओवावे व जोराने वर ओढावे. कड्या एकमेकींजवळ आल्या की स्प्रिंगेवरील आकडा लावून ती अडकवावी आणि मग दुसऱ्या स्प्रिंगेवर हीच कृती करावी. तारेच्या फासात कुत्र्याला सापळ्याच्या खुंटीकडे ढकलून ताण कमी करावा, कडी मागे सरकवावी किंवा तार कापावी.

श्वास व हृदयक्रिया थांबली असल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा आणि दर ३० दाबांनंतर तोंड मिटून नाकातून २ श्वास द्यावेत. सुटका झाल्यावर कुत्रा ठीक दिसला तरी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते, कारण रक्तप्रवाह अडल्यामुळे झालेली हानी काही दिवसांनी उघड होते.

कायदेशीर बाजू

कायदेशीरपणे लावलेला सापळा मोडणे किंवा काढून नेणे हा अनेक राज्यांत गुन्हा आहे. आपल्या कुत्र्याची सुटका करणे ही मात्र वेगळी बाब मानली जाते. म्हणून सापळ्याचे व जागेचे छायाचित्र घेऊन संबंधित खात्याला कळवणे हा योग्य मार्ग ठरतो.

युरोपीय संघाने १९९१ च्या नियमानुसार पाय पकडणाऱ्या सापळ्यांचा वापर १९९५ पासून बंद केला. अमेरिकेत कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९६ मध्ये बहुतेक सापळ्यांवर बंदी आणली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये फरसाठी सापळे लावण्यास मनाई केली. अलास्कातील अँकरेज शहराने त्याच वर्षी बहुतेक विकसित पायवाटांपासून ५० यार्डांच्या आत सापळे लावण्यास बंदी घातली. न्यू मेक्सिकोत २०१८ मध्ये रॉक्सी नावाची कुत्री सार्वजनिक जमिनीवरील फासात अडकून मरण पावली. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. त्यानुसार १ एप्रिल २०२२ पासून तेथील सार्वजनिक जमिनीवर, काही अपवाद वगळता, सापळे लावता येत नाहीत.

सापळ्यांचे समर्थक मात्र हा व्यवसाय परंपरागत उपजीविकेचा व वन्यजीव-व्यवस्थापनाचा भाग असल्याचे सांगतात. वाटांपासून ठराविक अंतर राखणे, पेटीचे तोंड लहान किंवा उंचावर ठेवणे आणि सापळे वारंवार तपासणे हे उपाय दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगे आहेत.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत सापळा व फास लावून प्राणी पकडण्याचाही समावेश होतो. तरीही कोकण व सह्याद्रीच्या परिसरात रानडुकरांसाठी तारेची फासकी चोरून लावली जाते. तिच्यात बिबटेही अडकतात. गुरांमागे किंवा शेतावर मोकळे फिरणारे कुत्रे याच धोक्याच्या कक्षेत येतात. आमिषात दडवलेले गावठी बॉम्ब हे आणखी एक संकट आहे. संशयास्पद गोळा दिसल्यास त्याला हात न लावता कुत्र्याला दूर न्यावे व पोलीस किंवा वन विभागाला कळवावे. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी १९२६ ही आहे. फासकीत वन्य प्राणी अडकलेला दिसल्यास स्वतः जवळ न जाता हीच मदत मागवावी.