काचेच्या मानेतले भिंग

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या काळात पनवेल-विचुंबे पट्ट्यातल्या छपरांवरचे अँटेना मुंबईकडे तोंड करून उभे राहिले. हा इतिहास आपण कार्यक्रमांचा म्हणून सांगतो. खोक्यातल्या भिंगाचा सांगत नाही.

चित्रनलिकेच्या निमुळत्या मानेत कॅथोड असे. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटत आणि पांगू लागत. पांगलेल्या झोताने पडद्यावर नुसता धूसर डाग पडला असता. त्याला आवरायला काचेचे भिंग कुचकामी. ते काम वेगवेगळ्या व्होल्टेजची, एकामागोमाग बसवलेली धातूची नळकांडी करत. फटीतले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला आधी अक्षाकडे ढकलते, मग बाहेर. पण तोवर त्याचा वेग वाढलेला असतो, म्हणून बाहेरचा धक्का कमी पडतो. झोत एका ठिपक्यात मिळतो.

ब्राउन यांची नलिका १८९७ची. भिंगाच्या गणिताला मात्र १९२६ उजाडले. आखूड तारवेटोळे इलेक्ट्रॉनांना बहिर्वक्र भिंगासारखे एकत्र आणते, हे हान्स बुश यांनी दाखवले. १९३१ साली बर्लिनमध्ये क्नोल आणि रुस्का यांनी अशी दोन भिंगे जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. रुस्कांना नोबेल मिळाले १९८६ साली.

तोवर त्याच तत्त्वावर आपल्या गावांत संध्याकाळच्या बातम्या दिसत होत्या. सपाट पडदे आले आणि ते संच भंगारात गेले. वजनावर विकल्या गेलेल्या त्या काचेत, घरोघरी पोहोचलेले विसाव्या शतकातले एक मोठे भिंग होते. दूरदर्शनच्या इतिहासात त्यालाही एक ओळ हवी.