बोरघाटांतील ढांसळलेला पूल

परभणीहून पनवेलला जाणारी गाडी पुण्याच्या पुढें बोरघाट उतरूं लागली, कीं डब्यांतील मंडळी खिडकीशीं येतात आणि दरी पाहूं लागतात. रुळांखालच्या दगडाकडे कोण पाहतो? आमच्या गोदाकांठीं आगगाडी आली ती एकोणिसावें शतक सरतांना, निजामाच्या राज्यांतून. तत्पूर्वीं सुमारें तीस वर्षें या घाटांत दगडी पुलाची जी परीक्षा झाली, ती मात्र विसरण्याजोगी नाहीं.

घाटाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. ३७ फुटांस १ फूट असा चढ, २५ बोगदे, शिवाय ओढ्यांवर उंच कमानींचे पूल! पावसाळ्यांत उघड्यावरचें काम बहुतेक थांबे. मग उरलेल्या महिन्यांत घाई. १८५९ त थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला, आणि फॅव्हिएल या पहिल्या मक्तेदारानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता आपल्याकडे घेऊन जाणत्या कारभाऱ्यांकरवीं तो पुरा केला. बाईचें धैर्य खरेंच वाखाणण्यासारखें. परंतु १८६१ च्या आरंभीं या घाटांत ४२,००० माणसें राबत होतीं, आणि पटकीनें त्यांपैकीं कित्येक दगावलीं; त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं?

२१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. पुढें चारच वर्षांनीं, १८६७ च्या भर जुलैंत, घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचें नांव ‘म्हाऊ की मल्ली’ असें कांहींतरी आढळतें. साहेबाच्या कानांतून गेलेलें आपलें गांव ओळखूं येणें कठीणच!

बांधकाम निकृष्ट होतें, हें तर उघडच झालें. दगडी खांबाचें मर्म असें कीं, बाहेरचा घडीव दगड हा केवळ त्याचा चेहरा होय. भार पेलावयाचा तो आंतल्या भरीनें. दर्शनी थर भरीशीं जोडणारे लांब दगड पुरेसे घातले नाहींत, किंवा जाड भिंतीच्या पोटांतला चुना आळण्यापूर्वींच वर ओझें चढविलें, तर बाहेरून रेखीव दिसणारा खांब आंतून सुटा राहतो. पाथरवटाला हें ठाऊक नसतें असें नाहीं; पण किती दिवसांत किती काम उठवावयाचें, हें ठरविणारा तो नसतो.

या अपघातानंतर कंपनीला आपल्या मार्गावरील दगडी कामें तपासावीं लागलीं, आणि अनेक पूल नव्यानें बांधावे लागले. भागीदारांना शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें १८४९ च्या करारानेंच दिलेली होती. उत्पन्न कमी पडलें, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यांतून, भरून निघे.